अबोल्याची दुपार

संशयी बाई म्हणून गावात माझा लौकिक आहे आणि तो फुकट मिळालेला नाही. सत्तावीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरं सांभाळली. पोट दुखतं म्हणणाऱ्या पोराचं मी आधी पोट दाबायची आणि विचारायची, इथं दुखतं का? मग पाठ दाबून तेच विचारायची. दोन्हीकडे हो म्हणाला की त्याला खाली बसवायची आणि पाढे म्हणायला लावायची. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. दूधवाला जरा गोड बोलला की मी दूध दोनदा निरखून घेते.

माझे यजमान याच्या अगदी उलट. त्यांना मी घरात ‘हे’ म्हणते, इथेही तसंच म्हणते. वरवट बकालजवळच्या एका गावात आमची वांगी-मिरचीची शेती आहे, ती हेच बघायचे. गावच्या विहारात तीस वर्षं यांनीच वंदना घेतली. कोणाचं लग्न असो, नामकरण असो, कोणी वारलेलं असो, पुढे उभं राहून त्रिशरण-पंचशील म्हणायला यांनाच बोलावणं. माईक बंद पडला तरी शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असा आवाज. घरात मात्र हा माणूस शब्द जपून वापरायचा. भांडण तर कधी केलंच नाही, रागावले की अबोला धरायचे.

अबोला आमच्याकडे इतका मुरला होता की त्याला कायदे होते. आधी बोलेल तो हरला. अबोल्यात ताट वाढायचं, पण काय हवं ते विचारायचं नाही. मग यांनीच एक सोय काढली. भाकरी हवी असली की ताटाच्या कडेवर बोटानं एकदा टकटक, भाजी हवी असली की दोनदा. मुलगी लहान असताना तिला ही गंमत वाटायची, ती शाळेतून आली की दारातूनच विचारायची, “आज ताट वाजून राह्यलं काय?” माझ्या भाच्याच्या लग्नाला हे उशिरा पोचले, त्यावरून मीच सुरू केलेला अबोला अकरा दिवस चालला होता. अकरा दिवस आम्ही ताटावर संसार केला. मला वाटायचं, यांच्या अबोल्याची नस न् नस मला ठाऊक आहे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मुलगी पुण्याला नोकरी करते. तिनं तिकडेच एक मुलगा पसंत केला, साखरखेर्ड्याकडचा, आपल्यातलाच. मला स्थळ आवडलं होतं. मुलीनं एकच सांगितलं, “बाबा हो म्हणाले तरच.” आणि बाबा पंधरा दिवस ‘पाहू’ एवढंच म्हणत होते. मुलाकडचे उत्तराची वाट पाहत होते. माझा पारा रोज थोडा थोडा चढत होता.

त्या दुपारी बाराला मी यांचं ताट वाढलं आणि समोरच बसले. म्हटलं, “आज सांगूनच टाका. पोरीच्या लग्नाले हो का नाई?”

यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं, मिटलं. परत उघडलं.

“काऊन? तोंडात पाणी भरून बसले काय?”

मी ओळखलं, धरला अबोला. थोड्या वेळानं ताट वाजलं, मी भाकरी टाकली. परत वाजलं, मी भाजी वाढली. मग हे तांब्यानं ताट वाजवायलाच लागले, नुसता खणखणाट. भाजी सांडली. इतका आगाऊपणा यांनी कधीच केला नव्हता. माझं डोकं फिरलं.

“वाजवा! किती वाजवाचं तितकं वाजवा. मी चालली शेतात,” असं म्हणून मी चपला घातल्या. दार ओढून घेतलं तरी आतून ताट वाजतच होतं.

शेतात मिरची तोडणाऱ्या बाया होत्या. त्यांच्यात बसून मी यांच्या नावानं भरपूर तोंडसुख घेतलं. पाचला घरी आले तर हे भिंतीला कलंडलेले, तोंड वाकडं, उजवा हात मेल्यासारखा. शेजाऱ्याच्या गाडीत घालून शेगावला आणि तिथून अकोल्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून?”

“मी पाचले आली तवा दिसलं.”

“त्याआधी शेवटचं नीट कधी पाहिलं?”

“दुपारी बाराले. चांगले होते. रुसले होते फक्त.”

डॉक्टरांनी मेंदूचा फोटो पाहिला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. तोच प्रश्न पुन्हा विचारला. मला राग आला. याला काय मी खोटं बोलते असं वाटतं? मी ठासून तेच उत्तर दिलं.

जीव वाचला. महिनाभरात पायही चालायला लागला, हात अर्धामुर्धा आला. वाचा मात्र आली नाही. डॉक्टरांनी कागदावर अफेजिया लिहिलं आणि तोंडी ‘वाचाघात’ म्हणाले. हळूहळू येईल, धीर धरा, व्यायाम करून घ्या, असं सांगितलं. मी मान हलवली आणि कागद पिशवीत टाकला. घरी आल्यावर हे काहीतरी सांगायला बघायचे आणि तोंडातून भलताच शब्द पडायचा. पाण्याला मिरची म्हणायचे. मला हाक मारायची तर “ते... ते...” करून थांबायचे, कपाळावर हात मारून घ्यायचे. बघवत नसे.

आणि मग एका संध्याकाळी मेणबत्ती लावून मी वंदना सुरू केली, तर मागून यांचा आवाज आला. खणखणीत. त्रिशरण, पंचशील, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. मी म्हणायची थांबले, हे एकटेच शेवटपर्यंत म्हणत गेले. मुलगी पुण्याहून येऊन राहिली होती, ती आनंदानं रडायला लागली. मी धावत पाणी आणलं, म्हटलं, “हे काय हाये, सांगा बरं.”

हे पेल्याकडे बघत राहिले. “मि... मिरची.”

तिथून माझ्या मनात किडा शिरला.

दोन दिवसांनी मिरच्यांचे क्रेट भरताना हे एक ते वीस मोजून मोकळे झाले. त्याच आठवड्यात शेजारची बकरी अंगणात घुसली, तर यांनी तिला अशी स्वच्छ शिवी हाणली की बकरीसुद्धा दचकली. मी दारात उभी होते. बकरीशी बोलता येते आणि बायकोशी नाई? मी मनात पुरावे गोळा करायला लागले. चहा पाहिजे का विचारलं तर “नाई” म्हणायचे आणि हात कपाकडे जायचा. वरणात मुद्दाम जास्तीचं मीठ टाकून पाहिलं, कसं झालं विचारलं, तर म्हणाले, “गोड.” हा माणूस माझी थट्टा करतोय याबद्दल मला शंका उरली नाही. कारणही उघड होतं. स्थळ यांना नको होतं आणि तोंडानं नाही म्हणायची हिंमत नव्हती. त्या दुपारी धरलेला अबोला आजारपणाच्या आडून चालू ठेवला होता. आजार खरा, वाचा गेलेली खोटी, असा मी निकाल दिला. दाराआड उभी राहून मी ऐकायची, एकटे असताना बोलतात का. बोलत नसत. मग वाटायचं, मी आहे हे यांना कळत असणार.

भेटायला येणारे त्यात भर घालायचे. कोणी कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, “भाऊ, ओयखलं काय मले?” जणू हे बहिरे झाले. कोणी यांचं अर्धं वाक्य स्वतःच पुरं करून द्यायचं आणि स्वतःच त्यावर हसायचं. हे बघत राहायचे आणि मग भिंतीकडे तोंड करून निजायचे. मी त्याला मिजास समजत होते.

दुखण्यानंतर दीड महिन्यानं पौर्णिमेला मुलाकडचे आई-वडील आले. पाहून जाऊ म्हणाले, बोलणंही होईल. विहारात सगळे जमले. लोकांनी यांना पुढे बसवलं आणि यांनी वंदना घेतली, पूर्वीसारखीच, पहिल्यापासून शेवटपर्यंत. सगळ्यांचे चेहरे उजळले. मुलाचे वडील पुढे सरकले, हात जोडून म्हणाले, “दादा, तुमी बरे झाले, लय आनंद झाला. आता आमाले एक सांगा, स्थळ पसंत हाये ना?”

हे त्यांच्याकडे पाहत राहिले. ओठ हलले. आणि तोंडातून पुन्हा वंदनेचीच पहिली ओळ निघाली. थांबले, मान झटकली, परत तोंड उघडलं, परत तीच ओळ. मागे कोणीतरी फिसकन हसलं. मुलाच्या वडिलांचा चेहरा पडला.

मी उठून उभी राहिले. “नाटक करून राह्यले हे! दीड महिना झाला, मले खेळवून राह्यले. बकरीले शिव्या देता येते, मोजता येते, सारं येते. फक्त पोरीचं नाव काढलं की दातखीळ बसते यांची!”

यांनी माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्याच जागी ताठ उभा राहिलेला माणूस डाव्या हातानं तोंड झाकून रडला. मुलाची आई हळूच म्हणाली, “चला, आपल्याले उत्तर भेटलं.” चहा न घेताच ते निघून गेले.

मुलगी माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, “बाबांना घेऊन अकोल्याला जाऊन राह्यली मी. वाचा शिकवणारी एक बाई हाये तिथं. तुले यायचं तं ये.” मी गेले. नाटक उघडं पडलेलं मला पाहायचं होतं.

ती स्पीच थेरपिस्ट माझ्या शेवटच्या वर्गातल्या पोरींच्या वयाची निघाली. टेबलावर चित्रांची वही आणि दोन-चार खेळणी. ही काय वाचा आणणार? मी माझे सगळे पुरावे तिच्यापुढे मांडले, वंदना, क्रेट, बकरी, मीठ. तिनं मधे एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, “काकू, तुम्ही शिक्षिका ना? मुळाक्षरं उलटी म्हणा. ज्ञ पासून.”

“ज्ञ, क्ष, ळ, ह...” मी म्हणाले. पुढे स. मग अडकले. मनात क पासून सुरू करून मोजत यावं लागत होतं. सत्तावीस वर्षं शिकवलेली अक्षरं, आणि कपाळाला घाम आला.

“सुलट तर झोपेतही म्हणाल,” ती म्हणाली. “वर्षानुवर्षं पाठ झालेलं, मोजणं, प्रार्थना, शिवी, हे आपोआप वाहत येतं. स्वतःच्या मनातलं सांगायला शब्द शोधावा लागतो, आणि काकांचा तो शोधायचा रस्ताच खचलाय. विचार शाबूत आहे, माणूस शाबूत आहे. पाणी हवंय हे त्यांना कळतं, शब्द मात्र मिरची हाताला लागतो. हो आणि नाही सुद्धा उलटसुलट निघतं.”

“मंग खरं काय थे कसं समजायचं?”

“तोंडावर जाऊ नका. हो-नाहीच्या चिठ्ठ्या करा, बोट ठेवू द्या. एका वेळी एकच छोटा प्रश्न, टीव्ही बंद, समोर बसून. मग दहा अंक मनात मोजेपर्यंत गप्प. शब्द पुरवू नका. आणि उत्तर आलं की तीच गोष्ट उलट बाजूनं विचारा. दोन्ही जुळलं तरच खरं धरा.”

ही तर माझीच शाळेतली रीत. पोट दाबा, मग पाठ दाबा. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी संशय घ्यायला सांगत होतं.

घरी येऊन जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी चिठ्ठ्या काढल्या. बरोबरची खूण, फुलीची खूण, पाणी, चहा, दुखतं, शेत, फोन. अक्षर मोठं, शाळेच्या फळ्यावर काढायची तसं. उलटे प्रश्न मला सहज सुचत. दहापर्यंत गप्प राहणं मात्र जिवावर यायचं. तीन झाले की माझी जीभ वळवळायची, चारला मी बोलून टाकायची, आणि यांच्या डोळ्यांत नुकतं आलेलं उत्तर विझून जायचं. तेव्हा मला कळलं की आमच्या सगळ्या संसारात मी यांना तीनच्या पुढे कधी जाऊ दिलं नव्हतं. काही दिवस हे चिठ्ठ्या भिरकावून द्यायचे. मी गोळा करून पुन्हा बसायची. तीन आठवड्यांत चहाचा प्रश्न सुटला, मग पंख्याचा, मग दुखण्याचा. एकदा चुकीच्या चिठ्ठीवर बोट गेलं तर यांनी स्वतःच मान हलवून ते मागे घेतलं. त्या दिवशी मी विश्वास ठेवायला तयार झाले, थोडासा.

मग लग्नाचा प्रश्न. मुलीनं मोबाइलवर मुलाचा फोटो काढून यांच्यासमोर धरला. टीव्ही बंद. मी विचारलं, “हा पोरगा. आपल्या पोरीसाठी. पसंत?”

सहापर्यंत मोजलं असेल. डाव्या हाताचं बोट खुणेवर गेलं. बरोबर.

“ह्याले नाई म्हणायचं?”

फुली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा विचारलं, दोन्ही बाजूंनी. तेच उत्तर. मुलीनं मुलाकडे व्हिडिओ कॉल लावला, घडलेलं सगळं सांगितलं. यांनी बरोबरची चिठ्ठी स्वतः उचलून फोनसमोर धरली आणि मुलाचे वडील बघत असेपर्यंत खाली ठेवली नाही. तिकडून ते म्हणाले, “समजलं दादा, समजलं,” आणि डोळे पुसले. लग्न ठरलं. मुलगी मला बिलगली. सगळं निवळलं होतं, आणि मी तिथंच थांबायला पाहिजे होतं.

पण माझी खोड. स्थळ यांना नको नव्हतं, मग त्या दुपारी अबोला कशाचा? हा धागा मला बसू देईना. मुलगी पुण्याला परत गेली त्याच दिवशी मी यांच्यासमोर बसले, चिठ्ठ्या मांडल्या.

“ज्या दिवशी दवाखान्यात नेलं, थ्या दिवशीची दुपार. तुमी जेवत होते. आठवते?”

बरोबर.

“माह्यावर राग धरला होता?”

फुली.

“बोलाचं होतं, पण शब्द अडकला होता?”

बोट लगेच गेलं. दहा मोजावेच लागले नाहीत. बरोबर.

“ताट वाजवलं थे भाकरीसाठी?”

फुली.

“मले बोलवाले?”

यांनी बरोबरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, आणि उचललं, आणि पुन्हा ठेवलं. पुन्हा. पुन्हा. कागदावर बोटाची टकटक होत राहिली.

तेव्हा मला ते ताट नीट आठवलं. तांब्या डाव्या हातात होता. हे उजव्या हातानं जेवायचे, उजव्यानंच टकटक करायचे. त्या दुपारी उजवा हात मांडीवर पडला होता आणि त्याच्यावर भाजीचा रस्सा सांडला होता, आणि यांनी तो पुसला नव्हता. हे मी पाहिलं होतं. पोराच्या खिशातली चोरलेली पेन्सिल लांबून ओळखणारी मी, हे समोर बसून पाहिलं होतं, आणि आगाऊपणा म्हणाले होते. बारा ते पाच. डॉक्टर दोनदा का विचारत होते ते आता समजलं, फोटोत त्यांना दुखणं दुपारचंच दिसलं असणार. ‘चांगले होते, रुसले होते’ असं मी दोन्ही वेळा ठासून सांगितलं होतं. माझी मला इतकी लाज वाटली की तिथून उठून जावंसं वाटलं. पण उठून तर मी त्या दुपारीही गेले होते.

म्हणून बसून राहिले. आणि एक प्रश्न राहिला होता तो विचारला. “माहा राग येते तुमाले?”

एक. दोन. तीन. चारला जीभ वळवळली, मी दात आवळले. यांनी माझ्याकडे पाहिलं, चिठ्ठ्यांकडे पाहिलं. आठला बोट बरोबरच्या खुणेवर गेलं आणि तिथंच राहिलं.

आता नियमाप्रमाणे तेच उलट बाजूनं विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. आजवर एवढं एकच उत्तर मी तपासून घेतलेलं नाही.

आता यांच्या पलंगाशी, डाव्या हाताला, ते ताट आणि तांब्या ठेवलेला असतो. पाच-दहा शब्द परत आले आहेत, पाण्याला पाणी म्हणतात, तरी ताट वाजवतात. वाजलं की मी हातातलं काम टाकून येते, तव्यावरची भाकरी करपली तरी. कधी चहा हवा असतो, कधी पंखा. कधी काहीच नको असतं. मी चिठ्ठ्या पुढे करते, हे एकेका चिठ्ठीवर फुली दाखवत जातात आणि माझ्याकडे बघत राहतात. मी येते की नाही, तेवढंच त्यांना पाहायचं असतं.